तिच्या नावाची कबर

आमच्या गावात एक बाई होती, तिची कबर आधी झाली आणि ती नंतर मोठी झाली. चेष्टा नाही करत. कबरीवर दगड होता, दगडावर नाव होतं, आणि ज्या बाईचं ते नाव, ती बाई बाजाराच्या दिवशी वांग्याच्या ढिगापुढं उभी राहून माळणीशी भांडत असायची. गावातल्या पोट्ट्यासोट्ट्यांनाही हे ठाऊक होतं. ठाऊक नसलेला असा एकच कोणीतरी होता, निदान बाईचा तसा समज होता, आणि त्या एकट्यापासून लपवण्यात तिचा जन्म गेला.

तिला सगळे उकंडाबाई म्हणत. वऱ्हाडात या नावानं कोणी दचकत नाही. ज्या घरी लेकरं जगत नाहीत, तिथलं पुढचं लेकरू उकंड्यावर, म्हणजे शेणकचऱ्याच्या ढिगावर, नेऊन ठेवतात. मग दुसऱ्या घरची बाई त्याला उचलते. टाकून दिलेलं आहे, कोणाच्या कामाचं नाही, असं म्हणून त्याचं नाव उकंडा ठेवतात. मरणाला त्याची किळस यावी, एवढाच हेतू. पण ही उकंडाबाई मराठ्याची नव्हती, माळ्याची नव्हती, आमच्या वस्तीतली तर नव्हतीच. ती इस्राइलांची, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यूंची, होती.

अनसिंगच्या अलीकडं आमचं गाव. इंग्रजाच्या काळात गावाबाहेर कापसातली सरकी काढायचा जीन होता. त्याची इंजिनं सांभाळायला कोकणातून चार-सहा घरं आली, मिस्त्री आणि सुतार. शनिवारी कामाला हात लावत नसत. मुसलमान म्हणावं तर मशिदीत जात नाहीत, किरिस्ताव म्हणावं तर क्रूस नाही, म्हणून गावानं त्यांना जास्त विचारलं नाही आणि राहायला जागा दिली ती आमच्या वस्तीला लागून. आम्हीही वेशीबाहेरचेच, त्यामुळे शेजार चांगला जमला. पुढं जीन बंद पडला, ती घरं उठून मुंबईला गेली, मुंबईहून बरीचशी इस्राएलात गेली. मागं नाल्याकाठी त्यांचं मसणवट राहिलं आणि हसाजी मिस्त्र्याची ही एक लेक राहिली.

लग्न होऊन मुंबईला गेली होती, तिथं नर्सचं शिकली. नवरा लवकर गेला, तशी लहानग्या पोराला, एज्राला, काखेत मारून परत आली आणि सरकारी दवाखान्यात लागली. उंच, हाडाची, पांढरं लुगडं, मनगटावर नवऱ्याचं घड्याळ, आणि तोंड असं की दवाखान्याचा डॉक्टरही तिच्या पुढ्यात बिडी विझवायचा. अर्धं गाव तिच्या हातानं जन्मलं. मीही. मी पायाळू. भर पंगतीत ती सांगायची, "ह्या सुदामाचे पाय पयले आले. मी तवाच म्हनलं, हे पोट्टं डोक्याचं काम करनार नाही, सरकारी नौकरीत जाईन."

गेलो खरा. दुष्काळाच्या सालानंतर मी तालुक्याच्या कचेरीत रेकॉर्डावर होतो. लाल कापडात बांधलेले जुने बस्ते, वाळवी, आणि वर पत्रा. एका दुपारी उकंडाबाई दारात उभी. रिटायर झाली होती, पण लुगडं तेच पांढरं.

"सुदाम, मले जुने कोतवाल बुकं पायजेत. आपल्या गावचे."

कोतवाल बुक म्हणजे गावच्या जन्ममरणाची नोंद. कोतवालानं सांगायचं आणि पाटलानं लिहायचं, अशी जुनी पद्धत. मी म्हटलं, बाई, तुम्हाला कशाला? तेव्हा कळलं की मुंबईच्या त्यांच्या समाजातल्या काही लोकांनी एक काम काढलं होतं. जिथं जिथं आपली माणसं राहिली आणि पुरली गेली, तिथल्या दगडांवरची नावं आणि दप्तरातल्या नोंदी उतरवून मुंबईला पाठवायच्या. तिकडं गेलेल्यांना आजाचं, पणजीचं नाव लागतं. इथं मागं सांगणारं कोणी नाही. ज्याला जमेल त्यानं करावं, एक पैसा मिळणार नाही. आमच्या भागात बाईशिवाय दुसरं होतं कोण? तिनं एकटीनं ते अंगावर घेतलं, आणि वाशीम, मेडशी, किन्हीराजा असं जिथं म्हणून त्यांचं एखादं माणूस कधीकाळी नोकरीला होतं असं ऐकलं, तिथं एस.टी.नं जाऊन धडकायची.

अर्ज लिहायला मी कागद घेतला. "अर्जदाराचं नाव?"

"उकंडाबाई. अन् हळू बोल."

तिची काम करायची तऱ्हा पहिल्याच दिवशी माझ्या डोक्यात गेली. चपला बाहेर काढायची. पान उलटलं की वाऱ्यानं उडू नये म्हणून मी कचेरीचा शिशाचा गोळा द्यायचो, तो ती बाजूला सारायची आणि पिशवीतून नाल्यातला एक गोटा काढून पानावर ठेवायची. आधी पेन्सिल, मग शाई. नोंदीत जे आहे तेच, तसंच. 'हन्ना'चं 'आना' लिहिलेलं असलं तर 'आना'च. मी एकदा म्हटलं, पाटलाची चूक आहे, दुरुस्त करा की. तर म्हणे, "मी कोन? उतरवनाऱ्यानं फक्त उतरवाव. आज एक अक्षर सुधरलं, उद्या मानूस सुधरवीन."

हे सगळं ठीक. पण ती लिहायच्या आधी प्रत्येक नाव बापाच्या नावासकट मोठ्यानं म्हणायची. "रूबेन, बाप शालोम." आणि थांबायची. मान थोडी कलती करून. त्या पत्र्याखाली उन्हानं कडकड आवाज व्हायचे, बस्त्यांमागं उंदीर फिरायचा, आणि ही गप्प बसून राहायची. मग लिहायची.

मी दोन दिवस सहन केलं. तिसऱ्या दिवशी विचारलं, "बाई, कोनाची वाट पायता?"

"ओ देते का, थे पायतो."

"अन् देल्ली तं?"

"तं लिहाचं नाही. जित्या मानसाचं नाव मेलेल्यायच्या पानावर कायले?" आणि चष्म्यावरून माझ्याकडं पाहत, "आजवर कोनी देल्ली नाही. भेऊ नको."

मी भिणारा नव्हतो. छप्पन साली आमच्या घरचे देव गाठोड्यात बांधून नदीत सोडले, तेव्हा बाप म्हणाला होता की त्यांच्यासंगं भुतंही गेली. मला भूतखेत, नजर, लिंबू-मिरची या सगळ्याचा तिटकारा आहे; माझ्यासमोर कोणी असलं बोललं की मी दोन शब्द सुनावल्याशिवाय राहत नाही. तरी बाईनं नाव म्हटलं की माझी लेखणी थांबायची, हेही खरं. मीही कान द्यायला लागलो होतो. आणि त्याचा मला संताप यायचा.

अशातच एक पान आलं. तिनं आधीची दोन नावं म्हटली, थांबली, लिहिली. त्याखालचं नाव मात्र ती म्हणाली नाही. ओठ घट्ट मिटून, मान न उचलता, तिनं ते नुसतं उतरवलं. त्यावर गोटाही ठेवला नाही, हातच ठेवून बसली. मी टेबलावरून उठलो नाही. मला न पाहताच कळलं होतं की ते नाव कोणाचं आहे.

ती हकिगत गावाला पाठ होती, आणि मला तर घरूनच. हसाजी मिस्त्र्याची तीन लेकरं गेली. चौथी मुलगी झाली, मिलका, आणि तिलाही तशीच तापानं घेरलं. माझी आजी शेजारची, बाळंतपणाला तीच असायची. ती मिस्त्र्याच्या बायकोला म्हणाली, उकंड्यावर टाका, मी उचलते. मिस्त्र्याची बायको म्हणाली, आमच्यातही आजाऱ्याचं नाव बदलतात, म्हणजे न्यायला आलेल्याला पत्ता लागत नाही. दोघी बाया चुलीपाशी बसल्या आणि दोन्हीकडचं एक करून त्यांनी असं काही काढलं, जे ना इकडं कोणी केलं होतं ना तिकडं. नुसतं नाव बदलून भागणार नाही. जुन्या नावाचं मरणही झालं पाहिजे. न्यायला येणारा आला, तर त्याला दिसावं की ही तर आधीच नेलेली आहे.

म्हणून मिस्त्र्याच्या घरी रडारड झाली. बारशाला आपण वरवंट्याला झबलं घालून पाळण्यात ठेवतो, तसा वरवंटा पांढऱ्या कापडात गुंडाळला आणि नाल्याकाठी रीतसर पुरला. मिस्त्र्यानं स्वतः दगड घडवला, वर त्यांची लिपी, खाली आपली. माझा आजा तेव्हा गावचा कोतवाल. तो पाटलाकडं गेला आणि सांगून आला, हसाजी मिस्त्र्याची मिलका तापानं मेली. पाटलानं लिहिलं. त्याच संध्याकाळी आजीनं उकंड्यावरून एक पोर उचलली आणि मिस्त्र्याच्या दारात नेऊन दिली, ही घ्या उकंडी, तुम्हाला लेकरू नाही म्हणून देते. ताप उतरला.

आता ताप उतरायचाच होता म्हणून उतरला, हे मी कितीदा सांगितलं असेल. कोणी ऐकत नाही. त्यात पुढं तिच्या अंगावरून काय काय गेलं ते गावानं जपून ठेवलेलं. एकदा तुरीच्या वावरात अवकाळी पाऊस आला, तिघी बाया लिंबाखाली उभ्या राहिल्या, ही मधे. वीज पडली. दोन्हीकडच्या दोघी गेल्या. हिच्या लुगड्याचा काठ जळाला होता. दवाखान्यात मी तेव्हा तिला पाहायला गेलो होतो, काठ हातात धरून बसली होती आणि एकच म्हणाली, "माया जवळ आला होता रे, न्यायले. पाह्यलं अन् गेला." त्या दोघींपैकी एकीचं बाळंतपण तिनं महिन्याआधीच केलं होतं. बाई त्या दिवशी रडली ती स्वतः वाचल्याबद्दल रडली, असं मला वाटलं.

मसणवटातले दगड उतरवायला ती मला एका रविवारी घेऊन गेली. मला म्हणजे माझ्या डोळ्यांना. तिला बारीक अक्षर दिसेना. ऐन दुपार. नाल्याला पाणी नाही, पळसाला पान नाही. झिजलेली अक्षरं वाचायची तिची युक्ती होती. दगड ओल्या फडक्यानं पुसायचा, ज्वारीचं पीठ चोळायचं, वरचं झटकलं की खाचेतलं पीठ राहतं आणि नाव पांढरं होऊन वर येतं. मी वाचायचो, ती म्हणायची, थांबायची, लिहायची. चारपाच दगड झाले आणि मी सहज मागं वळून पाहिलं. पहिल्या दगडावर मुंग्या आल्या होत्या. पिठावर. खाचाखाचांतून रांग लागली होती आणि ते सगळं नाव काळं होऊन हळूहळू हलत होतं. दुसऱ्याचंही. बाईनं पाहिलं आणि म्हणाली, "हालू दे. लय दिवसांनी कोनी नाव घेतलं त्यायचं."

कोपऱ्यातल्या लहान दगडाला तिनं पीठ लावलं नाही. त्याच्या शेजारी बसून भाकर सोडली. आधी एक घास मोडून दगडापाशी ठेवला, मग मला दिला. मी विचारलं, "हे काय? आत तं वरवंटा हाये."

"वरवंटाच हाये," ती म्हणाली. "पन मायं नाव घेऊन झोपला ना थो. थंडी, पानी, सारं माया वाटचं. इतके वर्ष काही झालं तरी तिनं उठून म्हनलं नाही का मी नोय, थे बाहेर हिंडून राह्यली थे." आधी 'तो' म्हणाली आणि मग 'ती', हे मी तिथंच ऐकलं.

तिनं सगळे कागद मुंबईला पाठवले. आणि तिथंच घोड्यानं पेंड खाल्ली.

एज्रा तोवर इस्राएलात स्थिरावला होता. त्याच्या मुलीचं, दीनाचं, लग्न ठरलं. तिकडं लग्न लावणाऱ्यांनी आजीपर्यंतची ओळ मागितली: मुलीचा बाप कोणाचा, बापाची आई कोणाची, ती आपल्यातलीच ना? एज्राच्या कागदावर आईचं नाव उकंडा. हे नाव आपल्यात नाही, ही बाई कोण? एज्रानं सांगितलं, अनसिंगकडच्या हसाजी मिस्त्र्याची मुलगी. त्यांनी मुंबईला विचारलं. मुंबईवाल्यांनी आलेले कागद काढून पाहिले. हसाजीला चार लेकरं, चारही लहानपणी वारली. चौथी मिलका. दप्तरातही तसं, दगडावरही तसं. आणि हे उतरवून पाठवणारी कोण, तर स्वतः बाईच. म्हणजे एज्राची आई हसाजीची नव्हेच. लग्न अडलं.

हे सांगायला ती कचेरीत आली तेव्हा तिचं तोंड राखेसारखं झालं होतं. मी आधी हसलो. मग हसू आवरलं. तिच्या जागी दुसरं कोणीही असतं, तर ते एक नाव गाळून पुढं गेलं असतं. पण तिला गाळणं ठाऊक नव्हतं. जे आहे ते उतरवायचं. तिनं स्वतःचं मरण स्वच्छ अक्षरात, शाईनं, उतरवून पाठवलं होतं.

मी म्हटलं, सोपं आहे. तहसीलदारापुढं प्रतिज्ञापत्र करा, की मी उकंडाबाई म्हणजेच हसाजीची ती मुलगी, नोंद खोटी आहे, मी जिवंत आहे. शिक्का मारून पाठवू. माझा आजाच खोटं सांगून आला होता, साक्षीला मी उभा राहतो.

ती निघून गेली. एक आठवडा गेला, दुसरा गेला. मग मीच रविवारी गावी गेलो. ती अंगणात वड्या घालत होती. मी तिच्यावर खरंच ओरडलो.

"बाई, तिकडं पोरीचं लगन मोडून राह्यलं, अन् तुमी वड्या घालून राह्यल्या? एक ओळ लिहाची हाये!"

"मोठ्यानं बोलू नको."

"कोन आयकते?"

"कोन आयकते हेच तं मालूम नाही ना."

"काही नाही होत बाई. असं कुठी रायते का? कागदावर जिवंत लिहिलं म्हनून कोनी मेलं का आजवर?"

तिनं हात पुसले. माझ्याकडं पाहिलं. रागावलेली नव्हती, त्यामुळेच मला अवघडायला झालं. "तुले पक्कं मालूम हाये?"

"हाव."

"मंग सुदाम, तू लहानाचा मोठा झाला, माया दगडावरचं नाव वाचता येते तुले, दप्तरातबी पाह्यलं. तू काहून कधी थ्या नावानं मले हाक नाही मारली? मार आता. मार ना."

मी तोंड उघडलं. नाव जिभेवर होतं, तीन अक्षरांचं. भर दुपार, अंगणात कोंबड्या, पलीकडं कोणीतरी रेडिओ लावलेला. देवाशप्पथ सांगतो, अन् देव मानत नाही मी, तरी सांगतो, ते नाव माझ्याकडून निघालं नाही. मी खाली पाहिलं. बाईनं वड्यांचं ताट उचललं आणि म्हणाली, "बस. चहा ठेवतो."

चहा पिताना ती दुसरंच बोलली. "मरनाचं भेव वाटते, खोटं कायले बोलू. पन थेच नाही रे. मी उठली तं तिचं काय? ती माया जागी निजून हाये. मी म्हनलं का मिलका मी हावो, तं मंग थे कोन रायली? कुठी जाईन थे?" वरवंटा कुठं जाणार, असं म्हणायला हवं होतं. मी चहा संपवला.

पुढच्याच आठवड्यात, कचेरी उघडायच्या सुमाराला, ती पायरीवर बसलेली दिसली. धुवट लुगडं, डोक्याला तेल. "लाव अर्ज," म्हणाली. "एज्राचं पत्र आलं, पोट्टी जेवत नाही म्हने. मी सारा जलम दुसऱ्याच नावावर काढला. थ्या पोट्टीनं काहून काढाव?"

आता कचेरीची एक रीत असते. साहेबापुढं ज्याचं काम, त्याचा दारात पुकारा होतो. शेख चपराशाचा आवाज आवाराबाहेरच्या चहावाल्यापर्यंत जायचा. मी त्याला बाजूला घेऊन म्हटलं, शेखजी, या बाईला मी आत नेतो, पुकारा राहू द्या. तो म्हणाला, "ऐसा कैसा? साहब पूछेंगे पुकारा हुआ क्या." बाईनं ऐकलं. ती वऱ्हांड्यातल्या बाकावर जाऊन बसली आणि म्हणाली, "होऊ दे. जे हाये थे रीतीनं होऊ दे."

शेखनं कागद वर धरला. "मिलकाबाई, बाप हसाजी, हाजिर है?"

ते नाव एवढ्या मोठ्यानं त्या भागात कोणी कधी घेतलं नसेल. बाईचे डोळे मिटलेले. दोन्ही हात गुडघ्यांवर. आवारात माणसं होती, बैलगाड्या होत्या, अर्जनवीस होते. मला कोणाचाच आवाज आठवत नाही. शेखनं दुसऱ्यांदा पुकारलं. बाईनं मान कलती केली. तशीच, दप्तरात करायची तशी, ओ येते का ते ऐकायला. मला वाटलं, ही आता बोलणार नाही. उठून निघून जाईल. आणि खरं सांगतो, मला तसंच व्हावंसं वाटलं.

तिसऱ्यांदा पुकारा झाला.

"हाजर," बाई म्हणाली.

आवाज तिचा नव्हता, असं मी म्हणणार नाही. तिचाच होता. फार बारीक होता, एवढंच. मग तिनं डोळे उघडले आणि बाकावर थोडी सरकली. बाजूला कोणी बसायला आलं की आपण सरकतो, तशी. बाजूला कोणी नव्हतं. मी दोन हात अंतरावर उभा होतो, बाक रिकामा होता. शेख म्हणाला, "चलो बाई." ती उठली, आणि आत जाईपर्यंत पावलं इतकी लहान लहान टाकली, की शेख दोनदा थांबला. एरवी बाईचं चालणं म्हणजे मागच्यानं पळावं.

साहेबांनी कागद वाचला, तिच्याकडं पाहिलं. "मिलका म्हणजे तुम्हीच?"

"हाव."

"मग ही वारलेली नोंद कोणाची?"

"थे बी मायीच होती साहेब. आता मोकयी झाली थे."

साहेबांना घाई होती. त्यांनी शिक्का मारायला सांगितला. बाईनं सही केली. आयुष्यभर ती सही करताना उकंडाबाई लिहायची. त्या दिवशी दुसरं नाव एका दमात, न अडखळता लिहिलं.

पुढचं सांगून टाकतो. दीनाचं लग्न झालं. तोवर माझी बदली लांब झाली होती, भावाकडून कळलं. फोटो आला, तो बाईनं दवाखान्यापासून चावडीपर्यंत सगळ्यांना दाखवला, आणि त्यांच्या रीतीप्रमाणं पोहे, गूळ, खोबरं कालवून मलिदा केला आणि आमच्या वस्तीत घरोघर वाटला. गावानं त्यानंतर तिला मिलकाबाई म्हणायला सुरुवात केली. आधी पोट्ट्यांनी, मग मोठ्यांनी. ती ओ द्यायची. आणि पळस फुलायच्या आत ती गेली. दुपारी खाटेवर टेकली, ती उठलीच नाही. तिच्या पोटात गाठ होती, डॉक्टरनं वर्षभर आधी सांगितलं होतं, हे मला नंतर कळलं. म्हणजे ती जाणारच होती. हे मी सगळ्यांना सांगतो. कोणी बोललं नाही तरी सांगतो. गाठ होती, वर्षभर आधीपासून होती. सांगून झालं की मला बरं वाटत नाही.

मला ती शेवटची दिसली ती त्याच दिवशी, शिक्का झाल्यावर. मी तिला एस.टी.वर सोडायला गेलो. गाडी लागलेलीच होती, अर्धी रिकामी. बाई चढली, दोघांच्या बाकावर बसली, पण खिडकीशी नाही, अलीकडं. खिडकीची जागा तिनं पदरानं पुसून घेतली. मी खाली उभा होतो.

कंडक्टर आला. "कुठी बाई?"

तिनं गावाचं नाव सांगितलं. "एक सगळं, एक अरधं."

"अरधं कोनाचं?"

"पोरीचं."

कंडक्टरनं खिडकीकडं पाहिलं, मग खिडकीतून खाली माझ्याकडं पाहिलं. मी काय बोलणार होतो? मी मान हलवली. त्यानं दोन्ही तिकिटांना टोचा मारून तिच्या हातात दिली. एक तिनं कमरेला खोवलं, दुसरं बाजूच्या जागेवर ठेवलं.

गाडी सुटली. बाई वाकून, खिडकीबाहेर बोट करून, तिला बाजार दाखवत होती.